दिवाण धरून पाऊल

[दृश्य: ऐरोलीतला एक फ्लॅट. हॉलमध्ये दिवाण, टीपॉय, मोकळी फरशी.]

दहा महिन्यांची ही मुलगी दिवाण धरून उभी राहिलीय. खाली बसता येत नाही, म्हणून रडतेय. आजी उचलायला धावतात. थांबा, आजी. उचललं की बसायचं कसं, हे शिकायचं राहून जातं. गुडघ्यांमागे हलकेच बोट लावा, गुडघे वाकू द्या. बूड टेकलं की ती पुन्हा उठेल. उठू द्या, हवं तितक्या वेळा.

[दृश्य: पावलं, जवळून.]

आता ती आडवी सरकतेय. एक पाऊल बाजूला, दुसरं त्याला जोडून. प्रत्येक वेळी क्षणभर सगळा भार एकाच पायावर येतो आणि तोल तिचा तीच सावरते. दिवाण आणि टीपॉय यांत वीतभर अंतर ठेवा, ते सहज जमलं की दोन विती. टीपॉय हलका किंवा काचेचा असेल तर मात्र आधी उचला.

पाय अनवाणीच हवेत. विट्रिफाइड टाइलवर मोजे सटकतात. पावसाळ्यात फरशीला ओल धरते, ती कोरड्या फडक्याने पुसत राहा.

दोन्ही हात वर धरून चालवलं, तर बाळ चवड्यांवर येतं आणि तोल आपणच सांभाळतो. गोल वॉकरमध्ये तर बाळाला स्वतःची पावलंही दिसत नाहीत. एका सेकंदात ते मीटरभर पुढे जातं. आपण उठेपर्यंत बाथरूमच्या उंबरठ्याला अडकून उलटतं. कॅनडाने 2004 मध्ये या वॉकरवर बंदी घातली. आपल्याकडे तो आजही बारशाला भेट येतो. तो माळ्यावरही ठेवू नका, टाकून द्या.

लाकडी पांगुळगाडा वेगळा, तो बाळ उभं राहून ढकलतं. गुळगुळीत फरशीवर तो पुढे पळतो, म्हणून त्यात दोन-तीन किलो तांदळाची पिशवी ठेवा. तोही बाळ स्वतःहून उभं राहू लागल्यावरच.

[दृश्य: सोसायटीच्या बागेतली मुलं.]

'शेजारचा अकराव्या महिन्यात चालला!' चालला असेल. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये दिलेल्या कालमर्यादेत निरोगी मुलं साधारण 8 ते साडेसतरा महिन्यांत एकटी चालू लागतात. काही तर रांगतही नाहीत.

अठरा महिने पूर्ण होऊनही बाळ चालत नसेल, एकच पाय ओढत असेल, सतत चवड्यांवर चालत असेल किंवा आधी येत असलेलं विसरलं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं असेल, तर वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजा.