धोटा कुठाय?

(दृश्य: भुईकोट किल्ल्याचा तट, बाहेरून. मे महिना. घड्याळात बारा वाजून वीस मिनिटं.)

सोलापुरात या वेळेला माणूस सावली धरून बसतो. फोटोग्राफरलाही हेच शिकवलेलं असतं, की भर दुपारी कॅमेरा बाहेर काढायचा नाही. चेहऱ्यांच्या बाबतीत ते खरं आहे. ऊन डोक्यावर असलं की डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो आणि नाक तेवढं चमकतं. भिंतीचं गणित मात्र वेगळं आहे.

या तटाचे फोटो बहुतेक जण सकाळी काढतात. पूर्वेकडच्या भिंतीवर तेव्हा ऊन समोरून पडतं, आणि दगडी तट पत्र्यासारखा सपाट दिसतो. असा फोटो बघून कुणी म्हणालं, "भिंत आहे हे कळतं, पण दगड हाताला लागत नाही," तर ती टीका नीट ऐकावी. तिच्यात एक नेमका प्रश्न दडलेला आहे: ऊन कुठल्या कोनातून आलं की दगड हाताला लागेल?

सोलापूर सुमारे 17.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून मेच्या दुसऱ्या आठवड्यात, सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान, सूर्य थेट माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या काही मिनिटांत ऊन तटाला घासत खाली उतरतं. चिऱ्याचा प्रत्येक उंचवटा, टाकीचा प्रत्येक घाव खालच्या अंगाला लांब सावली टाकतो. उत्तरेकडच्या भिंतीवर तर भर दुपारचं ऊन मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंतच येतं. जूनपासून ढग येतात, म्हणजे हाताशी उरतात ते मेचे शेवटचे पंधरा-वीस दिवस.

दगड काळा आहे. कॅमेऱ्याचं मीटर समोर दिसेल ते करड्या रंगाचं धरून चालतं, म्हणून काळा दगड राखाडी येतो. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप कमी करावं लागतं (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट). गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत, याच्या उलट होतं. नंदीध्वज पेलणाऱ्या मानकऱ्यांची पांढरी बाराबंदी फ्रेमभर असते आणि मीटर तिला मळकट करून टाकतं. तिथं एक स्टॉप वाढवायचं, आणि पांढऱ्यातल्या चुण्या हिस्टोग्रामच्या (कॅमेऱ्यावरच्या उजेडाच्या आलेखाच्या) उजव्या कडेला जाऊन फुटत नाहीत ना, ते बघायचं.

(दृश्य: पूर्व भागातला यंत्रमागाचा कारखाना. मागांचा खडखडाट. निवेदनापुरता आवाज खाली.)

प्रयोग या शब्दाचा फोटोग्राफीत फार सैल वापर होतो. कॅमेरा हलवला, फिल्टर लावला, दोन फोटो एकावर एक ठेवले, झाला प्रयोग. यातून एखादं चांगलं चित्र निघेलही, पण ते का निघालं हे कळत नाही, त्यामुळे दुसरं काढता येत नाही. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं जागच्या जागी ठेवायचं. हे बोलायला सोपं आहे. करताना काय होतं, ते या मागासमोर पाहू.

प्रश्न असा आहे: मागाची गती स्थिर चित्रात किती दाखवावी? ट्रायपॉड एका जागी, लेन्स एक, छिद्र एफ 5.6 वर कायम. बदलायचा फक्त शटरचा वेळ: अर्धा सेकंद, एक अष्टमांश, एक पंचविसांश, एक शतांश, एक पाचशेवा. बरेच जण इथंच घसरतात. वेळ कमी केला की प्रकाश कमी पडतो, म्हणून छिद्र उघडतात. मग मागच्या मागांची स्पष्टताही बदलते, आणि चित्रात झालेला फरक गतीचा की स्पष्टतेच्या खोलीचा हे सांगता येत नाही. छिद्राला हात न लावता आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) बदलायचा. ट्यूबच्या बेताच्या उजेडात एक अष्टमांशाला 200 धरला, तर एक पंचविसांशाला साधारण 640, एक शतांशाला 2500 आणि एक पाचशेव्याला 12800 लागतो. अर्ध्या सेकंदासाठी आयएसओ 200 च ठेवून प्रकाश चौथाईवर आणणारा एनडी फिल्टर (लेन्सवरची करडी काच) लावायचा. आयएसओ वाढला की दाणे येतात, तेवढी तडजोड आहे. ती वहीत लिहून ठेवायची.

जुन्या चोकच्या ट्यूब 50 हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. एक पाचशेव्याला म्हणूनच एक फोटो उजळ आणि पुढचा काळपट येतो. इलेक्ट्रॉनिक शटर असेल, तर आडवे पट्टेही पडतात. मेकॅनिकल शटर वापरायचं, आणि जमेल तिथं एक पन्नासांश किंवा एक शतांशावर राहायचं.

मागांमुळे जमीन हादरते आणि ट्रायपॉडही तिच्याबरोबर हादरतो. त्याच्या पायांखाली जाड रबराचे तुकडे ठेवायचे, मधल्या दांड्याला वजन टांगायचं. कापसाची धूळ तर हवेतच असते. लेन्स बदलायची तर कारखान्याच्या बाहेर येऊन, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून. सेन्सरवर एक तंतू बसला, की एफ 16 ला तो प्रत्येक आभाळात दिसायला लागतो.

(दृश्य: भिंतीवर सुतळी, तिला चिमट्यांनी लावलेल्या बारा प्रिंट.)

आता हे फोटो माणसांसमोर ठेवायचे. मोबाइलवर नव्हे. तिथं प्रत्येक फोटो प्रकाशामुळे गोड दिसतो आणि अंगठा पुढे सरकतो. चार बाय सहाचे साधे प्रिंट पुरेत. बारापेक्षा जास्त नकोत, खाली नाव नको, कसा काढला ते सांगणं नको.

बघणारे पाच असले तर उत्तम, आणि पाचही फोटोग्राफर नसावेत. एक चित्रकार हवा. एखादा असा हवा, ज्याला फोटोग्राफीतलं काही कळत नाही. आणि सोलापुरात बसून मागाचे फोटो काढत असाल, तर एक विणकर हवाच. जकार्डचं, म्हणजे भोकांच्या कार्डांवरून नक्षी विणणाऱ्या यंत्राचं, डिझाइन करणारा मिळाला तर फारच चांगलं. चादरीवरची नक्षी तो आलेखाच्या कागदावर चौकट चौकट भरून काढतो. कार्डावरचं भोक म्हणजे उचललेला धागा. मधली छटा दाखवायची तर दोन रंगांचे धागे कसे मिसळायचे, हे त्याला हिशेबानं माहीत असतं. काळ्या-पांढऱ्या प्रिंटमधली करडी पायरी कुठं तुटली, हे तो पटकन दाखवतो.

अमेरिकन कलाशिक्षक एडमंड फेल्डमन यांनी टीकेच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: काय दिसतं, ते कसं रचलं आहे, त्याचा अर्थ काय लागतो, आणि शेवटी ते जमलं का. आपल्याकडे चौथ्या पायरीवरून सुरुवात होते. "छान आहे", "नाही जमला". दोन्ही निरुपयोगी. पहिल्या पायरीवर पाच मिनिटं थांबायला लावलं, तर माणसं फोटोत खरोखर काय आहे ते बोलू लागतात. या वेळात फोटोग्राफरनं गप्प बसायचं, आणि लिहायचं काम दुसऱ्यावर सोपवायचं. कारण आपला हात आपल्याला आवडलेलंच टिपतो.

मागाच्या फोटोंवर विणकराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "धोटा कुठाय?"

धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन मागाच्या एका टोकाच्या पेटीतून दुसऱ्या पेटीत धावणारा तुकडा. फोटोग्राफरला वाटतं, हा तपशिलाचा प्रश्न आहे. तसा तो नाही. मिनिटाला 120 आडवे धागे टाकणारा माग धरला, तर एका धाग्याला अर्धा सेकंद मिळतो. त्यातला जेमतेम एक तृतीयांश वेळ धोटा प्रवासात असतो, उरलेला वेळ पेटीत. म्हणजे एक पाचशेव्याला अंदाजानं बटण दाबलं, तर तीनातले दोन फोटो धोट्याविनाच येणार. त्यांत माग चालतोय की बंद पडलाय, हे कळायला मार्ग नाही. आणि धोटा सापडलाच, तर तोही पुरता थांबलेला नसतो. सेकंदाला दहा मीटर या वेगानं एक पाचशेव्यात तो दोन सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. अर्ध्या सेकंदाला उलट होतं. धोट्याची एक फिकी रेघ या पेटीपासून त्या पेटीपर्यंत जाते, पण फणी (टाकलेला आडवा धागा ठोकून बसवणारी) आणि धागे दोन्ही धुक्यात जातात.

या टीकेवर त्याच दिवशी कॅमेरा उचलायचा नाही. दोन दिवस जाऊ द्यायचे आणि वहीतल्या नोंदी तीन भागांत वाटायच्या. आवडीनिवडीच्या गोष्टी बाजूला. पाचातल्या तिघांची नजर एकाच जागी अडखळली असेल, तर तिथं दोष आहे हे धरून चालायचं. आणि जिचा पुढचा प्रश्न करता येतो, ती नोंद सर्वांत मोलाची. इथं तो प्रश्न असा: फणी स्थिर राहील आणि धोटा रेघ होईल, असा वेळ आहे का? फणी मागेपुढे होते, पण मागे गेल्यावर क्षणभर थबकते, आणि धोटा त्याच सुमारास सुटतो. म्हणून एक अष्टमांश ते एक पंधरांश या पट्ट्यात शोधायचं, मागाच्या ठोक्याशी बोट जुळवून, एका वेळेला निदान चाळीस फोटो. त्यांतले दोन-तीन कामाचे निघतात.

टीकेचा असा प्रश्न करणारं एक मोठं उदाहरण आहे. अमेरिकन फोटोग्राफर आल्फ्रेड स्टिग्लिट्झच्या व्यक्तिचित्रांचं बळ समोरच्या माणसांवर पडणाऱ्या त्याच्या मोहिनीत आहे, असं एका तरुण समीक्षकाचं म्हणणं होतं. स्टिग्लिट्झला ते लागलं. 1922 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्जला त्यानं कॅमेरा आभाळाकडे वळवला. ढगांवर कुणाची मोहिनी चालत नाही. त्या ढगांचे पुढे दोनशेहून अधिक प्रिंट झाले, आणि फोटोतला विषय आणि फोटोतला भाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी दाखवून दिलं.

(दृश्य: गच्ची. दोरीवर वाळत घातलेलं निळं सुती कापड.)

सोलापूरच्या फोटोग्राफरनं एकदा तरी कापडावर छापून बघावं, कारण सूत आणि ऊन दोन्ही इथं भरपूर आहे. सायनोटाइप ही उन्हानं निळं चित्र छापायची पद्धत जॉन हर्शेलनं 1842 मध्ये शोधली. 100 मिलीलिटर पाण्यात 25 ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या 100 मिलीलिटरमध्ये 10 ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. वापरायच्या वेळी दोन्ही सारख्या भागानं एकत्र करायची. हातमोजे घालायचे, भांडी स्वयंपाकघरातली नकोत. फेरिसायनाइड तापवायचं नाही, तीव्र आम्लाजवळ तर न्यायचंच नाही, त्यातून विषारी वायू निघतो.

कोऱ्या कापडात ताण्याला (उभ्या धाग्यांना) लावलेली खळ असते. ती राहिली तर द्रावण डागाडागानं बसतं. म्हणून कापड आधी साबणाच्या पाण्यात उकळून, खळखळून धुवायचं. द्रावण लावून अंधारात वाळवायचं, वर निगेटिव्ह आणि काच. मग पट्टीची चाचणी घ्यायची: दर दोन मिनिटांनी पुठ्ठा सरकवत जायचा. उन्हाळ्यातल्या दुपारी पाच ते आठ मिनिटांत काळोखाचे भाग करडे-हिरवट होतात. त्यानंतर पिवळेपणा निघेपर्यंत धुणं.

घात पाण्यात होतो. बोअरचं क्षारयुक्त पाणी निळ्या रंगाला खातं, आणि त्यात आधी हलक्या छटा जातात. पहिल्या पाण्यात लिटरला अर्धा चमचा लिंबूसत्त्व घातलं की रंग टिकतो. धुण्याचा सोडा मात्र या कापडाला कधीच लावायचा नाही.

ओला निळा फिका दिसतो, एका दिवसात तो गडद होतो. म्हणून कापड दुसऱ्या दिवशी दाखवायचं. विणकर ते हातात घेतो आणि उलटं करतो. कापडाची मागची बाजू बघितल्याशिवाय तो बोलत नाही. मागे फिकट, अर्धवट डाग असतात, कारण द्रावण आरपार गेलं, ऊन गेलं नाही. मग पुढच्या खेपेला एक बाजू आठ मिनिटं उन्हात धरायची, खाली काळा कागद. सावलीत येऊन कापड उलटायचं, दुसरी निगेटिव्ह ठेवायची, पुन्हा आठ मिनिटं. धुणं दोन्ही बाजूंचं एकदमच.