लॉनवरची ऊब : गॅस हीटर निवडताना, जोडताना, पेटवताना

[दृश्य : अंधार. हीटरची जाळी अगदी जवळून]

ज्योत वर चढते तशी जाळीची खालची कड काळपटच राहते. मध्यावर नारिंगी रंग येतो आणि दोन-तीन मिनिटांत वरचा भाग लालबुंद होतो. हीटरमधलं खरं काम ही जाळीच करते. तिच्यातून निघणारी उष्णता उन्हासारखी सरळ अंगावर येते, मधली हवा फारशी तापत नाही. म्हणून हीटरसमोर चेहरा शेकतो आणि पाठ गारच राहते. वरची अॅल्युमिनियमची छत्री वर निसटणारी उष्णता खाली वळवते. छत्रीला पोचे पडले, काजळी धरली, की गॅस तेवढाच जळतो आणि ऊब कमी पडते.

[दृश्य : पहाट, द्राक्षबाग, वेलींमधून पसरलेला धूर]

निफाड तालुका. डिसेंबर-जानेवारीत इथला पारा घसरला की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातली नोंद दुसऱ्या दिवशी बातम्यांत असते. थंडीने द्राक्षमणी तडकू नयेत म्हणून बागांत पहाटे शेकोट्या पेटतात, हा धूर त्यांचाच. हुरड्याचे दिवसही हेच आणि लग्नसराईही हीच. नाशिकच्या आसपासच्या लॉन्सवर रात्री साडेआठला पंगत बसते तेव्हा गार वारं सुटलेलं असतं. शेकोटी कितीही प्रिय असली तरी जेवणाच्या टेबलांमध्ये ती पेटवता येत नाही. धूर डोळ्यांत जातो, ठिणगी साडीवर पडते. तिथे गॅसचा हीटर लागतो.

[दृश्य : गोदामात ओळीने उभे हीटर]

बाजारात मुख्यतः दोन घाट मिळतात. हा छत्रीवाला, ज्याला मंडपवाले मशरूम म्हणतात. सव्वादोन मीटरच्या आसपास उंच, बहुतेक १२-१३ किलोवॅटचा. दुसरा पिरॅमिड : मधोमध काचेची उभी नळी, तिच्यात नाचणारी ज्योत. पिरॅमिड फोटोत देखणा दिसतो, खुर्चीत बसलेल्याच्या गुडघ्यांपर्यंत ऊबही देतो, पण दहा-बारा माणसांच्या घोळक्याला पुरत नाही. शिवाय तापलेल्या काचेवर पाण्याचे शिंतोडे उडाले तर ती तडकते. पाहुण्यांना ऊब द्यायची असेल तर छत्रीवाला घ्यावा. शोभा हवी असेल तर पिरॅमिड घ्यायला हरकत नाही, फक्त त्याच्याकडून शेक मागू नये. टेबलावर ठेवायचे छोटे हीटर साधारण ३ किलोवॅटचे असतात. ते दोघांच्या कॉफीपुरते.

[दृश्य : हीटरच्या अंगावरची धातूची पाटी, बोट ओळीवरून फिरतं]

घेण्याआधी ही पाटी वाचायची. गॅस कुठला, दाब किती मिलिबार, तासाला किती ग्रॅम. या पाटीवर १३ किलोवॅट आणि ताशी ९४५ ग्रॅम लिहिलं आहे. म्हणजे पूर्ण आचेवर तासाला जवळपास एक किलो. चार तासांच्या कार्यक्रमाला एका हीटरमागे चार किलो गॅस धरा. १९ किलोची टाकी वीस तास जाते, कागदावर तरी.

पाटीवर नैसर्गिक वायूचा उल्लेख असेल तर तो हीटर टाकीवर लावायचा नाही. पाइपगॅसच्या हीटरचं जेट, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणारी तोटी, मोठ्या भोकाचं असतं. त्यातून एलपीजी सोडला की ज्योत छत्रीबाहेर येते.

आणखी दोन गोष्टी विक्रेत्याला चालवून दाखवायला सांगायच्या. पहिली, ज्योत विझली की गॅस आपोआप तोडणारा थर्मोकपल. दुसरी, हीटर कलला की गॅस बंद करणारा स्विच. पेटवून, थोडा कलवून दाखवा म्हणावं. भाड्याच्या हीटरमध्ये हा स्विच तार जोडून कायमचा 'चालू' केलेला सापडतो, कारण उंचसखल लॉनवर तो सारखा हीटर विझवतो आणि मंडपवाल्याची पोरं वैतागतात. अशी जोडलेली तार दिसली तर तो हीटर गाडीतून उतरवूच देऊ नका.

[दृश्य : लाल टाकी आणि निळी टाकी, शेजारी शेजारी]

१४.२ किलोची लाल टाकी घरच्या स्वयंपाकासाठी असते. लॉनवर, हॉटेलात, समारंभात ती वापरणं नियमाबाहेर आहे. इथे १९ किलोची व्यावसायिक टाकी हवी. पाच किलोची 'छोटू' पेट्रोल पंपावर ओळखपत्र दाखवून मिळते खरी, पण ती टेबलावरच्या हीटरपुरतीच. १३ किलोवॅटचा हीटर छोट्या टाकीला लावला तर काय होतं ते पुढे दिसेल.

टाकी घेताना वरच्या कड्याच्या पट्टीवर आतून रंगवलेलं अक्षर आणि आकडा पाहा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचा आकडा वर्षाचा. ही टाकीच्या पुढच्या तपासणीची मुदत. ती उलटली असेल तर टाकी परत करायची. रिकाम्या टाकीचं वजनही तिथेच कोरलेलं असतं. वजनकाट्यावर ठेवून ते वजा केलं की आत नेमका किती गॅस उरला ते कळतं. टाकी हलवून अंदाज बांधण्यापेक्षा हे बरं.

[दृश्य : रेग्युलेटर, दोन प्रकार, हातात]

बहुतेक भानगडी इथे होतात. डावीकडचा भट्टीचा रेग्युलेटर, दाब कमी-जास्त करायची चावी असलेला. केटररकडे तो हाताशी असतो म्हणून हीटरलाही लावला जातो. हीटरचं जेट साधारण ३० मिलिबारसाठी बनवलेलं असतं. भट्टीचा दाब त्याच्या कैक पट. ज्योत बर्नरवरून उचलली जाते, फरफर आवाज करते, जाळीवर काजळी धरते आणि कंट्रोल व्हॉल्व्हची आतली पटलं फाटतात. उजवीकडचा ठरावीक कमी दाबाचा. हाच हवा. पण त्याच्यावर छापलेला ताशी प्रवाह हीटरच्या पाटीवरच्या आकड्यापेक्षा जास्त आहे ना, तेवढं बघायचं. घरच्या शेगडीचा रेग्युलेटर दाब बरोबर देतो, प्रवाहात कमी पडू शकतो. मग हीटर पेटतो पण जाळी लाल होत नाही, आणि दोष हीटरला दिला जातो.

बाहेरून आलेल्या हीटरसोबतचा रेग्युलेटर आपल्याकडच्या टाकीच्या तोंडाला बसत नाही. अडॅप्टरवर अडॅप्टर चढवू नका. रेग्युलेटरच बदला.

नळी आयएसआय शिक्क्याची, तारेचं अस्तर असलेली, सुरक्षा नळी म्हणून मिळणारी नारिंगी. पाच वर्षांनी ती बदलायचीच, वरून चांगली दिसली तरी. शेतावरच्या गोदामात उंदीर नळी कुरतडतात, हे बारीक दात पाहा. आणि टाकीच्या तोंडातला काळा रबरी वॉशर बोटाने चाचपायचा. तो चपटा किंवा तडकलेला असेल तर रेग्युलेटर कितीही नीट बसवा, गॅस झिरपणारच.

[दृश्य : ब्रशने लावलेलं साबणाचं पाणी. एक बुडबुडा हळूहळू फुगतो]

वाटीभर पाण्यात भांडी घासायचं थोडं लिक्विड. हीटरची चावी बंद, टाकी चालू. ब्रशने तोंडाला, रेग्युलेटरला, नळीच्या दोन्ही टोकांना, व्हॉल्व्हच्या नटाला लावायचं. या नटाकडे पाहा. पाच-सहा सेकंद काहीच नाही. मग कडेला मोहरीएवढा बुडबुडा, तो वाटाण्याएवढा, मग फुटतो आणि तिथेच दुसरा. वासावरून ही गळती उघड्या मैदानात कुणालाच कळली नसती. टाकी बंद करा, नट काढा, बैठक पुसा, पुन्हा आवळा, पुन्हा साबण लावा. काडी ओढून गळती शोधणारे अजून आहेत. त्यांना टाकीपासून लांब बसवावं. गळती थांबत नसेल तर टाकी मोकळ्यावर न्यायची आणि १९०६ हा गॅसगळतीचा मदत क्रमांक फिरवायचा.

[दृश्य : फरशीवर हीटर उभा करताना दोघं. पायात वाळू ओतली जाते]

एलपीजी हवेपेक्षा जड. गळला की खाली बसतो आणि उताराकडे सरकतो. म्हणून हीटर गटाराच्या जाळीजवळ, खड्ड्यात किंवा तळघराच्या पायऱ्यांशी उभा करायचा नाही. जागा सपाट आणि टणक हवी, पेव्हर ब्लॉक चालतात, ओलं गवत नाही. पायात वाळू किंवा पाणी भरायची सोय असेल तर ती भरायचीच. वाळू बरी, पाण्याने आतून गंज चढतो.

छत्रीच्या कडेपासून चारही बाजूंना आणि वर किमान एक मीटर मोकळं. माहितीपत्रकात जास्त सांगितलं असेल तर तेवढं. म्हणजे वर मंडपाचं कापड असेल तर ते सव्वातीन मीटरच्या खाली नकोच, आणि खरं तर कापडाखाली हीटरच नको. झालरी वाऱ्याने हलतात, हे मोजताना कुणाच्या ध्यानात येत नाही. टाकीच्या डब्याला सजावटीचं कापड गुंडाळायची एक फॅशन आली आहे. त्या डब्याला भोकं हवा खेळायला ठेवलेली असतात, गळालेला गॅस बाहेर पडायला ठेवलेली असतात.

मांडणीचं एक साधं गणित. आठ मीटर बाय सहा मीटरच्या बैठकीत मधोमध एक हीटर ठेवला तर सगळ्यांची तोंडं भाजतात, पाठी गारठतात. दोन हीटर समोरासमोरच्या कोपऱ्यांत ठेवले आणि दोन्ही मध्यम आचेवर चालवले तर बसलेल्याला दोन बाजूंनी शेक मिळतो. जाहिरातीत पाच-सहा मीटरचा घेर लिहितात. उबदार वाटणारा घेर तीन मीटरच्या आसपास धरा. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला हीटर, म्हणजे उडून जाणारी गरम हवा निदान माणसांवरून जाते. एका बाजूला भिंत किंवा कुंपण असलं तर फार फरक पडतो.

हुरड्याची भट्टी जवळ असेल तर हीटर तिच्यापासून लांब, चांगला वीस फूट. गोवऱ्यांच्या आरावर वारं आलं की ठिणग्या कुठवर जातात ते या चित्रात दिसतं आहे.

[दृश्य : पेटवणं, सलग, न कापता]

टाकीची चावी हळू उघडा. हीटरची चावी पायलटवर, म्हणजे आधी लागणाऱ्या छोट्या ज्योतीच्या खुणेवर आणून आत दाबा आणि दाबूनच धरा. पहिल्यांदा जोडल्यावर नळीत हवा असते, मिनिटभर गॅस पोहोचत नाही. खटका दाबत राहा. छोटी ज्योत लागली तरी चावी सोडू नका, आणखी तीस सेकंद. थर्मोकपलचं टोक तापलं की व्हॉल्व्ह स्वतः उघडा राहतो. आता सोडा, मंद आचेवर आणा, पाच मिनिटं तशीच ठेवा, मग वाढवा. नाहीच लागली तर सगळं बंद, पाच मिनिटं थांबायचं, मगच पुन्हा. लगेच खटखट करणाऱ्याच्या भुवया जातात.

चावी सोडली की विझतो, ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. बहुतेक वेळा पुरेसं दाबून धरलेलं नसतं. नाहीतर थर्मोकपलचं टोक ज्योतीबाहेर सरकलेलं असतं किंवा काजळलेलं. बारीक पॉलिशपेपरने पुसा, टोक ज्योतीत आणा, मागचा नट बोटाने आवळून पाव फेरा द्या. पान्याने जोर लावला की तो कायमचा जातो.

[दृश्य : टाकीचा तळ, पांढरं दव]

ही ती छोटी टाकी. रात्री दहाचा सुमार. द्रव गॅसचा वायू व्हायला उष्णता लागते, ती टाकीच्या पत्र्यातून येते. हीटर तासाला किलोभर ओढतो, टाकी लहान, बाहेर थंडी. पत्रा गारठतो, आतला दाब पडतो, जाळी नारिंगीवरून काळी होत जाते. गॅस संपला असं समजून टाकी बदलतात, आणि सकाळी तीच टाकी अर्धी भरलेली निघते. मोठ्या टाकीतही शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात हे होतं, कारण आत द्रव कमी उरलेला असतो. आच कमी करा किंवा भरलेली टाकी लावा. गरम पाणी ओतणं, गोधडी गुंडाळणं, टाकी शेकोटीजवळ सरकवणं, यातलं काहीही नाही.

[दृश्य : उघडलेला बर्नर, टॉर्चच्या उजेडात मातीचं घर]

आठ महिने पडून राहिलेल्या हीटरमध्ये हे सापडतं : कुंभारीण माशीचं मातीचं घर, नेमकं हवा घेण्याच्या भोकात. हवा कमी, म्हणून ज्योत पिवळी आणि लांबट, छत्री काळी. ब्रशने खरवडा, हवेच्या पंपाने फुंका. जेटच्या भोकात सुई घालू नका. भोक रुंदावलं की पाटीवरचे सगळे आकडे खोटे ठरतात.

चारही बाजूंनी पडदे सोडलेल्या मंडपात हीटर लावला तर कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि माणसं दगावतात. निदान दोन बाजू पूर्ण उघड्या ठेवा. एक किलो गॅस जळला की जवळपास तीन किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. फ्रान्सने २०२२ मध्ये कॅफेंच्या अंगणातले हीटर याच कारणाने बंद केले.

[दृश्य : रात्र, खुर्च्या रचल्या जात आहेत]

बंद करताना आधी टाकी. नळीतला गॅस जळून ज्योत आपणहून विझू द्या, मग हीटरची चावी. छत्री गार व्हायला अर्धा तास. त्याआधी प्लॅस्टिकचं आवरण घातलं की ते तिथेच वितळून चिकटतं. हंगाम संपला की रेग्युलेटर काढा, टाकीच्या तोंडावर टोपी लावा, टाकी उभीच आणि बाहेर, सावलीत ठेवा. बर्नरच्या हवेच्या भोकांवर सुती फडकं दोऱ्याने बांधा आणि दोऱ्याचं टोक चावीवर लोंबतं ठेवा, म्हणजे पुढच्या डिसेंबरात फडकं न काढता कुणी हीटर पेटवणार नाही.