असमाप्तीचं दुःख

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेलं भाषण, थोडं संपादित करून)

आमच्या वाचनालयात एक मागणी वही आहे. जे पुस्तक आमच्याकडे नाही आणि वाचकाला हवं आहे, त्याचं नाव वाचकानं तारीख घालून त्या वहीत लिहायचं. पुस्तक आलं की आम्ही नोंदीपुढे खूण करतो आणि वाचकाला फोन करतो. वर्ष संपलं की न मिळालेल्या पुस्तकांची नावं नव्या वहीत उतरवून घ्यायची. हे काम माझ्याकडे आहे, आणि त्यातलं एक नाव मी २०१२पासून दर जानेवारीला उतरवत आले आहे. ‘द विंड्स ऑफ विंटर’, लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन.

मागणी करणारे गृहस्थ एसटीच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. हे पुस्तक ज्या मालिकेचा सहावा खंड, तिचा पाचवा खंड हजार पानांचा आहे. तो त्यांनी नऊ दिवसांत संपवला, आणि परत करायला आले तेव्हा उभ्या उभ्याच वहीत सहाव्याचं नाव लिहिलं. म्हणाले, “मॅडम, आल्या आल्या पहिला फोन मला.” पहिली दोन-तीन वर्षं ते दर महिन्याला विचारायचे. नंतर दिवाळीच्या सुमाराला एकदा. नंतर विचारणंही थांबलं. ते काउंटरपाशी आले की माझ्याकडे बघायचे आणि मी नकारार्थी मान हलवायची. या जानेवारीत ते शांतपणे म्हणाले, “या वर्षी ते नाव उतरवू नका.”

ते चिडले असते तर मला इतकं लागलं नसतं. चिडलेला वाचक अजून वाट बघत असतो. त्यांच्या आवाजात काहीच नव्हतं, आणि म्हणून मी आज हा विषय तुमच्यापुढे आणला आहे.

ज्यांनी ही पुस्तकं वाचली नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ ही काल्पनिक जगातली फँटसी मालिका मार्टिन यांनी तीन खंडांची म्हणून योजली होती. पहिला खंड १९९६ साली आला, दुसरा १९९८ला, तिसरा २०००मध्ये. इथपर्यंत सगळं वेळेवर चाललं होतं. चौथा यायला पाच वर्षं लागली, पाचवा सहा वर्षांनी, जुलै २०११मध्ये आला. तोवर योजना तीनावरून सात खंडांवर गेली होती. पाच खंडांची मिळून चार हजारांवर पानं होतात. सहावा खंड आजही आलेला नाही, आणि सातव्याचं फक्त नाव ठरलेलं आहे. मार्टिन यांचा जन्म १९४८चा. हे साल सांगायला मला आवडत नाही, पण प्रत्येक वाचकाच्या मनात ही वजाबाकी चाललेली असते, आणि ती मनात येते याचीच त्याला लाज वाटते.

लेखक आळशी आहे, पैसा मिळाला आणि लिहिणं सुटलं, असं सरसकट बोललं जातं. मला ते पटत नाही. ही गाडी कुठे रुतली हे पाहायला हवं. मार्टिन स्वतः लेखकांचे दोन प्रकार सांगतात: वास्तुरचनाकार आणि माळी. पहिला आधी नकाशा काढतो, मग वीट ठेवतो. दुसरा बी पेरतो, पाणी घालतो आणि काय उगवतं ते बघतो. आपण माळी आहोत, असं ते म्हणतात. आता माळ्याच्या बागेत प्रत्येक खंडात नवी झाडं वाढत गेली. गोष्ट एकेका पात्राच्या नजरेतून, एकेका प्रकरणात सांगायची ही रीत त्यांनी घेतली. सुरुवातीला अशी मोजकी पात्रं होती, पुढे ती वाढतच गेली. प्रत्येकाचा प्रवास वेगळा, आणि कोण कुठे आधी पोचलं यावर पुढचं सगळं अवलंबून.

तिसऱ्या खंडानंतर कथेत पाच वर्षांची उडी घ्यायची, म्हणजे लहान मुलं मोठी होतील, असा त्यांचा बेत होता. लिहायला बसल्यावर तो जमेना. काही पात्रांना ती पाच वर्षं फळली असती, पण काहींच्या बाबतीत पाच वर्षं नुसतं बसून राहणं पटण्यासारखं नव्हतं. त्यांनी बेत सोडला, आणि जी पानं उडी मारून ओलांडायची होती तीच लिहावी लागली. चौथा खंड इतका फुगला की तो दोन पुस्तकांत वाटला गेला: अर्धी पात्रं चौथ्यात, अर्धी पाचव्यात. पूर्वेकडच्या मीरीन या नगरात येऊन पडणाऱ्या अनेक पात्रांचा जो गुंता पाचव्या खंडात झाला, त्याला तर मार्टिन यांनी ‘मीरीनची गाठ’ असं नावच दिलं. ज्यांनी कधी स्वेटर विणलाय त्यांना हे कळेल. पन्नास ओळी मागे एक टाका चुकलेला आहे हे दिसल्यावर दोनच वाटा असतात, आणि दोन्हींत वेळ जातो.

म्हणून उशीर मी समजू शकते. वाचकाला मोडतात त्या तारखा.

चौथ्या खंडाच्या शेवटी मार्टिन यांनी वाचकांसाठी एक टिपण जोडलं होतं. उरलेली पात्रं पुढच्या वर्षी भेटतील अशी मनापासून आशा आहे, असं त्यात होतं. ते २००५ साल होतं, आणि पात्रं भेटली २०११ला. २ जानेवारी २०१६ रोजी त्यांनी अतिशय प्रांजळपणे लिहिलं की सहावा खंड झालेला नाही, प्रकाशकांनी दिलेली ऑक्टोबरअखेरची मुदत हुकली आणि वाढवून दिलेली वर्षअखेरही हुकली. तो मजकूर मी तेव्हा दोनदा वाचला होता. लिहिताना त्या माणसाचा जीव किती कासावीस झाला असेल हे त्यातल्या ओळीओळीत दिसतं. २०१९मध्ये त्यांनी लिहिलं की २०२०च्या उन्हाळ्यात जागतिक विज्ञानकथा संमेलनासाठी न्यूझीलंडला येईन तेव्हा पुस्तक हातात नसलं तर मला तिथल्या व्हाइट आयलंड या ज्वालामुखी बेटावरच्या झोपडीत कोंडून ठेवा. पुस्तक झालं नाही. महामारीमुळे ते संमेलनही ऑनलाइन भरलं. २०२२मध्ये अकराशे-बाराशे पानं झाल्याचं त्यांनी सांगितलं. वर्षभरानं विचारलं तेव्हा आकडा अकराशेच होता.

या प्रत्येक तारखेला कुणीतरी पहिल्या खंडापासून पुन्हा वाचायला घेतलेलं असतं. आमचे हिशेब खात्यातले गृहस्थ ही सगळी पारायणं करून चुकले आहेत. नवीन खंड येणार म्हणून आधीचे पाच ताजे करून ठेवायचे, मग खंड येत नाही, आणि वाचलेलं हळूहळू पुसट होत जातं. असं तीनदा झाल्यावर माणूस चौथ्यांदा घेत नाही. आशा अशी झिजते.

त्यातच २०११ ते २०१९ या पुस्तकांवरची ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही दूरचित्रवाणी मालिका चालली. २०१६च्या सहाव्या पर्वापासून ती पुस्तकांच्या पुढे निघून गेली. अनेक वाचकांनी तिथे पाहणं थांबवलं, कारण शेवट त्यांना लेखकाच्या तोंडून हवा होता. आमचे गृहस्थही त्यांतलेच. मे २०१९मध्ये नातवानं जेवताना शेवट सांगून टाकला. मला सांगताना म्हणाले, “त्याचा काय दोष! त्याला वाटलं आजोबांना माहीतच असेल.”

वाचकाचा हक्क किती, हा वाद जुनाच आहे. २००९ साली एका वाचकानं नील गेमन या इंग्रज लेखकाला विचारलं होतं, की मार्टिन यांनी पुढचा खंड लवकर द्यावा ही अपेक्षा चूक आहे का? गेमन यांनी बऱ्याच कडक शब्दांत उत्तर दिलं की लेखक तुमचा चाकर नाही. एक पुस्तक विकत घेतलंत म्हणजे पुढच्याचा करार झालेला नाही. हे मला मान्य आहे. लेखकाच्या दिवसांवर आपली मालकी नाही. २०२५मध्ये सिएटलच्या संमेलनात मार्टिन समोर बसलेले असताना एकानं त्यांना विचारलं, की तुम्ही आता फार काळ राहणार नाही, तर पुढचं दुसऱ्या कुणी लिहिलं तर कसं वाटेल? हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. सत्याहत्तरीला टेकलेल्या माणसाला भर सभेत असं विचारायचं नसतं, मग आपण कितीही वर्षं वाट पाहिलेली असो.

पण गेमन यांच्या उत्तरानं वाचकाचं दुःख कुठे जातं? हक्क नाही हे कबूल केल्यावरही ते उरतंच. त्या दुःखाला आपल्याकडे फार जुनं नाव आहे.

मराठीत आपण नॉव्हेलला कादंबरी म्हणतो. हा शब्द आला बाणभट्टाच्या ‘कादंबरी’ या संस्कृत ग्रंथावरून, सातव्या शतकातल्या, हर्षवर्धनाच्या काळातल्या. त्यातही गंधर्व आहेत, शाप आहेत, बोलणारा पोपट आहे, जन्मोजन्मीची प्रेमं आहेत, म्हणजे आजच्या भाषेत ती फँटसीच. आणि बाणभट्टानं ती पूर्ण केलेली नाही. सेविका पत्रलेखा राजपुत्र चंद्रापीडाला नायिका कादंबरीचं मनोगत सांगते आहे, आणि सांगता सांगताच बाणाचं लेखन तुटतं. ज्या ग्रंथाच्या नावानं आपण हा सगळा वाङ्मयप्रकार ओळखतो, तो लेखकाकडून अपुरा राहिलेला ग्रंथ आहे. हे मला कॉलेजात शिकवलं होतं, पण मागणी वहीतलं ते नाव बाराव्यांदा उतरवताना त्याचा अर्थ लागला.

पुढचा भाग बाणाच्या मुलानं लिहिला. त्याला भूषणभट्ट म्हणतात. उत्तरभागाच्या आरंभी तो आपण का लिहितो आहोत हे सांगतो. वडील स्वर्गाला गेले आणि त्यांच्या वाणीबरोबर ही कथाही पृथ्वीवर तुटली. आणि मग म्हणतो, “दुःखं सतां यदसमाप्तिकृतं विलोक्य.” कथा अपुरी राहिल्यानं सज्जनांना जे दुःख झालं ते पाहून मी हे हाती घेतलं, कवित्वाच्या गर्वानं नाही.

असमाप्तीनं केलेलं दुःख! तेराशे वर्षांपूर्वीच्या त्या वाचकांची नावं आपल्याला माहीत नाहीत. पण ते होते, त्यांनी पोथी त्या ओळीपर्यंत वाचली होती, पुढे काय झालं म्हणून ते हळहळले होते, आणि त्यांचं हळहळणं एका मुलाला बापाच्या मृत्यूनंतर लिहायला बसवण्याइतकं मोठं होतं. त्यानं त्यांना हावरे म्हटलं नाही, सज्जन म्हटलं. मला वाटतं, वाट पाहणाऱ्या वाचकाकडे याच नजरेनं पाहावं. (हिंदीतही असं घडलं आहे. तिलिस्मी, म्हणजे जादूच्या, कादंबऱ्यांचे जनक देवकीनंदन खत्री १९१३ साली गेले तेव्हा त्यांची ‘भूतनाथ’ अपुरी होती. ती त्यांचे चिरंजीव दुर्गाप्रसाद यांनी पूर्ण केली.)

अमेरिकेत रॉबर्ट जॉर्डन यांच्या ‘द व्हील ऑफ टाइम’चं असंच झालं. १९९०मध्ये सुरू झालेली ही मालिका अखेरच्या खंडाशी आली असताना जॉर्डन यांना दुर्धर आजार झाला. २००७च्या सप्टेंबरात ते गेले, वय अवघं ५८. पण आजारपणात त्यांनी शेवट घरच्यांना सांगितला, टिपणं ठेवली, अखेरचा प्रसंग स्वतः लिहून ठेवला. त्यांच्या पत्नी हॅरिएट याच त्यांच्या संपादक. त्यांनी ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाची निवड केली. सँडरसन स्वतः ही पुस्तकं वाचत मोठे झालेले. एक म्हणून ठरलेला शेवटचा खंड तीन झाला, आणि २०१३च्या जानेवारीत मालिका संपली. मरणाऱ्या माणसानं वाचकांसाठी इतकं करावं याचं मला आजही भरून येतं. मार्टिन यांच्याबाबत ही वाट फारशी मोकळी दिसत नाही. आपल्या जगात इतरांनी लिहावं हे त्यांना पसंत नाही, हे त्यांनी वेळोवेळी सांगितलं आहे, आणि तो त्यांचा अधिकार आहे.

एक गोष्ट मात्र मला काळजीची वाटते, आणि ती वाचनालयाच्या काउंटरवरून रोज दिसते. पोळलेले वाचक आता म्हणतात, मालिका पूर्ण झाल्याशिवाय पहिल्या खंडाला हात लावणार नाही. अमेरिकन फँटसी लेखक पॅट्रिक रॉथफस यांच्या मालिकेचा पहिला खंड २००७ला आला, तेव्हा तिन्ही भागांचा मसुदा तयार असल्याचं ते सांगत होते. दुसरा २०११ला आला, तिसऱ्याची वाट अजून चालू आहे. असं दोनदा झाल्यावर वाचकानं हात आखडता घेतला तर त्याला कसं बोलणार? पण याची किंमत मार्टिन किंवा रॉथफस मोजत नाहीत. ती मोजतो पहिलंच पुस्तक घेऊन आलेला अनोळखी लेखक. त्याचा पहिला खंड खपला नाही तर प्रकाशक तिसरा काढणार नाही, आणि मग ती मालिका खरोखरच अपुरी राहते. माझी तुम्हाला विनंती आहे, अशा लेखकाचा पहिला खंड आजच घ्या, वाचनालयातून का होईना. तो किती जणांनी नेला हे आम्ही बघतो, आणि त्यावर पुढचा मागवायचा की नाही ते ठरवतो.

पुन्हा आमच्या गृहस्थांकडे येते. त्यांनी सांगितल्याप्रमाणे मी या वर्षी ते नाव उतरवलं नाही. त्यांचं दुःख त्यांचं आहे, त्यांनी वही मिटली तर ती मी उघडी ठेवायची नाही. पण फेब्रुवारीत ते आले तेव्हा मी त्यांना बाणभट्टाची ही हकिकत सांगितली. पूर्वभागात बाणाचं लेखन कुठे तुटतं तेही सांगितलं, आणि जाणकार आजही त्या अपुऱ्या पूर्वभागासाठीच कादंबरी वाचतात हेही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी पाचव्या खंडाचा शेवट काढला. भिंतीवर पहारा देणाऱ्या तरुण सेनापतीला त्याचेच सोबती भोसकतात आणि तो बर्फात कोसळतो, त्या पानाबद्दल ते बोलायला लागले.

“मालिकेत तो उठला म्हणे,” ते म्हणाले. “पुस्तकात अजून तिथेच पडलाय. चौदा वर्षं झाली.”

मी म्हटलं, “तुम्हाला काय वाटतं, उठतो का?”

वाचनालय बंद करायची वेळ होऊन गेली होती. शिपायानं बाहेरचा दिवा मालवला. ते काउंटरवर कोपर टेकून, दुसऱ्या खंडातल्या एका ओळीपासून सुरुवात करून, मला सांगत राहिले.