हुकूम कोणाच्या जोरावर चालतो? चेस्टर बर्नार्ड यांची टेलिफोन कंपनी आणि लोकसेवा

नमस्कार. व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना चेस्टर बर्नार्ड हे नाव निदान परीक्षेपुरते तरी ठाऊक असते. बर्नार्ड प्राध्यापक नव्हते, ते अमेरिकेतील न्यू जर्सी या राज्याच्या टेलिफोन कंपनीचे अध्यक्ष होते, आणि अधिकाराविषयीचा त्यांचा प्रसिद्ध विचार कंपनीच्या कचेरीत जितका घडला, तितकाच बेकारांसाठी केलेल्या मदतकार्यातही घडला, असे माझे मत आहे. आज आपण त्यांच्या आयुष्याच्या या दोन्ही बाजू एकत्र पाहणार आहोत.

त्यांचा जन्म १८८६ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील मॉल्डन येथे झाला. घरची परिस्थिती बेताची असल्याने पियानोचे सूर लावून देण्यासारखी कामे करत त्यांनी शिक्षण घेतले. हार्वर्डमध्ये त्यांना पदवी मिळाली नाही, कारण आवश्यक असलेला प्रयोगशाळेचा विषय त्यांनी पूर्ण केलेला नव्हता. १९०९ मध्ये ते बॉस्टन येथे एटीअँडटी या बेल टेलिफोन समूहाच्या मूळ कंपनीच्या सांख्यिकी विभागात लागले आणि इतर देशांमधील टेलिफोनच्या दरांचा अभ्यास करू लागले. पुढे त्याच समूहाच्या पेनसिल्व्हेनियातील बेल कंपनीत बढत्या मिळत गेल्या, आणि १९२७ मध्ये न्यू जर्सी बेल ही स्वतंत्र कंपनी स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

अध्यक्ष म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर सर्वाधिकारी मालक उभा राहतो. प्रत्यक्षात प्रादेशिक बेल कंपनीच्या प्रमुखाचे हात चारही बाजूंनी बांधलेले असत. बहुतेक यंत्रसामग्री वेस्टर्न इलेक्ट्रिक या बेल समूहातीलच कंपनीकडून येई, राज्याबाहेरील लांब पल्ल्याच्या तारा मूळ कंपनीच्या ताब्यात असत, आणि स्थानिक दर वाढवायचे तर राज्याच्या नियामक मंडळाची मंजुरी लागे. उरत असे ती तीन कामे: सेवा सुरळीत ठेवणे, हजारो कर्मचाऱ्यांना एकत्र बांधून ठेवणे आणि राज्यातील जनतेचा विश्वास टिकवणे. स्पर्धक नसलेल्या कंपनीला हे तिसरे काम टाळता येत नाही, कारण नाराज ग्राहक दुसरीकडे जाऊ शकत नसला तरी तो मतदार असतो. म्हणून अशा अध्यक्षाने सार्वजनिक कार्यात उतरणे हा निव्वळ परोपकार नव्हता, तो त्याच्या कामाचाच एक भाग होता. बर्नार्ड मात्र त्यात गरजेपेक्षा कितीतरी खोल उतरले.

१९३१ मध्ये महामंदीची झळ तीव्र झाली असताना न्यू जर्सीच्या आपत्कालीन मदत प्रशासनाचे पहिले संचालक म्हणून त्यांनी सूत्रे हाती घेतली. १९३३ पर्यंत ते त्या पदावर होते आणि १९३५ मध्ये त्यांना पुन्हा बोलावण्यात आले. त्याच वर्षी राज्याच्या राजधानीत, ट्रेन्टन येथे, बेकारांच्या प्रतिनिधींशी त्यांची बैठक चालू असताना बाहेर रस्त्यावर जमाव आणि पोलिस यांच्यात दंगल उसळली. बैठक पुढे ढकलावी लागली. ती पुन्हा भरली तेव्हा बर्नार्ड यांनी आधी सर्वांच्या तक्रारी शांतपणे ऐकून घेतल्या आणि नंतर आपली बाजू कोणताही आडपडदा न ठेवता मांडली: निव्वळ मागणी केली म्हणून मी काही देणार नाही, आणि अशा निदर्शनांमुळे ज्यांच्या करातून मदत येते ते लोकच दुरावतील. १९३८ मध्ये हार्वर्डच्या वर्गात हा प्रसंग सांगताना त्यांनी असा निष्कर्ष काढला की त्या माणसांना पैशांइतकीच, कदाचित त्याहूनही अधिक, स्वतःची दखल घेतली जाण्याची गरज होती.

हा निष्कर्ष मला अर्धाच पटतो. समोरच्याचे ऐकून घेतल्याने तणाव निवळतो, हे खरे आहे. पण उपाशी माणसाला अन्नापेक्षा मान हवा होता, असे जेव्हा मदत वाटणारा अधिकारीच सांगतो, तेव्हा ते थोडे सावधपणे ऐकावे लागते.

या अनुभवांचे सार त्यांनी १९३७ च्या अखेरीस बॉस्टन येथील लॉवेल या जाहीर व्याख्यानमालेत मांडले, आणि पुढच्याच वर्षी त्यांचे ‘द फंक्शन्स ऑफ द एक्झिक्युटिव्ह’ हे पुस्तक झाले. त्यातील मुख्य प्रतिपादन असे की अधिकार खुर्चीत नसतो. हुकूम मानणारा माणूस तो स्वीकारतो, तेव्हाच त्याला अधिकार म्हणता येते. तो हुकूम त्याला समजला पाहिजे, संस्थेच्या उद्दिष्टाशी आणि त्याच्या स्वतःच्या हिताशी विसंगत वाटता कामा नये, आणि पाळण्याची कुवत त्याच्यात असली पाहिजे. टेलिफोनच्या धंद्यातील एक उदाहरण तर लक्षात ठेवण्याजोगे आहे. रस्त्याच्या उत्तरेकडचे खांब दक्षिणेकडे हलवावेत, एवढाच निर्णय वरून होतो. परंतु तो अमलात येईपर्यंत पंधरा ठिकाणच्या शंभर माणसांना मिळून सुमारे दहा हजार निर्णय घ्यावे लागतात, असा त्यांचा अंदाज होता. ते दहा हजार निर्णय अध्यक्ष घेऊ शकत नाही आणि त्यांच्यावर देखरेखही ठेवू शकत नाही.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात, सैनिकांच्या मनोरंजनाची आणि सोयीची व्यवस्था पाहणाऱ्या यूएसओ या संघटनेचे ते अध्यक्ष होते. वायएमसीए, वायडब्ल्यूसीए, साल्व्हेशन आर्मी, कॅथलिक व ज्यू समाजांच्या कल्याणसंस्था आणि प्रवाशांना साहाय्य करणारी एक संस्था अशा सहा संस्थांनी मिळून ती उभारलेली होती. पगारावर नसलेल्या स्वयंसेवकांना हुकूम सोडण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे त्यांच्या सिद्धान्ताची याहून कठीण कसोटी दुसरी नसेल. १९४६ मध्ये अणुऊर्जेच्या आंतरराष्ट्रीय नियंत्रणाचा आराखडा तयार करणाऱ्या पाच सल्लागारांत अणुबॉम्बचे शास्त्रज्ञ ओपेनहायमर यांच्या बरोबरीने त्यांचेही नाव होते.

याच सिद्धान्ताची आणखी एक कसोटी, त्यांच्या स्वतःच्या दारात, एप्रिल १९४७ मध्ये लागली. देशभरातील सुमारे साडेतीन लाख टेलिफोन कर्मचारी संपावर गेले आणि त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. न्यू जर्सीच्या विधिमंडळाने घाईने दंड व तुरुंगवासाची तरतूद करणारा कायदा केला आणि कामगार संघटनेच्या स्त्री नेत्यांना अटकही झाली. हुकूम मानणाऱ्यांनी आपली स्वीकृती काढून घेतली, तर पुढे सरकार बळ वापरते; या शक्यतेला त्यांच्या सिद्धान्तात फारशी जागा नाही, आणि बर्नार्ड वाचताना मला हीच उणीव सर्वांत जास्त जाणवते. १९४८ मध्ये त्यांनी एकवीस वर्षांचे कंपनीचे अध्यक्षपद सोडले आणि रॉकफेलर फाउंडेशनची धुरा स्वीकारली.