धडक सोसणारा कठडा

नेब्रास्का राज्यातील लिंकन शहराच्या विमानतळालगत गाड्या धडकवून कठडे तपासण्याचे हे काँक्रीटचे विस्तीर्ण मैदान आहे. त्याच्या टोकाशी पुलाचा फक्त काठ बांधलेला असून त्या काठाला एक पोलादी कठडा बाजूने बोल्टांनी आवळलेला आहे. नेब्रास्का विद्यापीठाच्या 'मिडवेस्ट रोडसाइड सेफ्टी फॅसिलिटी' या केंद्राने इलिनॉय आणि ओहायो या दोन राज्यांसाठी या कठड्याची रचना केली.

कठड्याचे खांब सुमारे अडीच मीटरवर एक असे उभे आहेत आणि त्यांच्यावर एकीवर एक अशा तीन पोकळ, चौकोनी पोलादी नळ्या आहेत. खांब स्लॅबच्या बाजूला बसवल्यामुळे रस्त्याची रुंदी जराही कमी होत नाही. काँक्रीटच्या भिंतीपेक्षा असा कठडा हलका असतो आणि त्याच्या फटींतून पाण्याला वाट मिळते. नळ्या खांबांच्या पुढे का आहेत, हे इथे जवळून पाहावे: घसटत जाणारे चाक खांबात अडकले, तर गाडी जागीच थबकते आणि तो हिसका आतल्या माणसाला बसतो.

उंची ठरवण्यात मात्र सर्वांत जास्त विचार खर्ची पडला. अशा कठड्यांसाठीच्या 1993 च्या अमेरिकी नियमांनुसार ट्रकची चाचणी 8,000 किलो वजन आणि ताशी 80 किलोमीटर वेग धरून होत असे. 2009 मध्ये त्यांच्या जागी आलेल्या 'मॅश' या चाचणी-नियमावलीने तेच आकडे 10,000 किलो आणि ताशी 90 किलोमीटर केले, म्हणजे धडकेची ऊर्जा दीडपटीहून अधिक झाली. याच केंद्राच्या चाचणीत असा ट्रक 81 सेंटिमीटर उंचीच्या काँक्रीटच्या भिंतीवरून पलीकडे कलंडला होता. पुढे किमान उंची 91 सेंटिमीटर ठरली. हा कठडा 99 सेंटिमीटर ठेवला आहे, कारण पुलावर नंतर डांबराचा थर चढतो आणि कठडा तेवढाच ठेंगणा होतो. ही साधी गोष्ट आराखड्यातच धरली गेली, याचे मोल मोठे आहे.

आता चाचणी. आधी 1,100 किलोची लहान मोटार, मग 2,270 किलोचा पिकअप, दोन्ही ताशी 100 किलोमीटर वेगाने, 25 अंशांच्या कोनात. शेवटी ट्रक, 15 अंशांत. गाडीत चालक नाही. पोलादी दोर तिला ओढत आणतो आणि धडकेच्या किंचित आधी सोडून देतो. बंपरवरची पट्टी दाबली जाताच दिवा लखकन पेटतो आणि सर्व कॅमेऱ्यांचा शून्य क्षण तिथे ठरतो. मंद गतीत पाहा: पुढचे चाक नळीला भिडते, ट्रकची पेटी कठड्यावर झुकते, मागची बाजू येऊन आदळते आणि ट्रक कठड्याला धरूनच पुढे सरकतो.

तिन्ही चाचण्यांत कठडा उत्तीर्ण झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्गांवरील नव्या कामांना 2019 च्या अखेरीनंतर 'मॅश'च्या कसोटीला उतरलेले कठडे लागतात.

धूळ खाली बसली आहे. नळीवर टायरचा लांब काळा पट्टा उमटला असून एक कर्मचारी त्याला टेप लावून मोजतो आहे.