सल्ल्यासोबत बागही सांगा

(घरी भाजीपाला पिकवणाऱ्या नागपूरकरांच्या मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

उपस्थित बंधुभगिनींनो,

पोळा होऊन गेला, मारबतींची मिरवणूक निघाली आणि पावसाचा जोरही आता ओसरू लागला आहे. नागपुरात घरच्या भाजीपाल्याचे खरे वर्ष याच सुमारास सुरू होते, कारण ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे पाच महिने आपल्याकडे भाज्यांना जितके मानवतात तितके उरलेले सात महिने मानवत नाहीत. एकमेकांची ओळख करून घेण्यासाठी आयोजकांनी ही वेळ निवडली, हे फार चांगले झाले. मला आज या देवाणघेवाणीविषयीच बोलायचे आहे. बागकामाचा सल्ला ज्या बागेत तयार झाला त्या बागेपासून तोडला की तो अपुरा राहतो आणि असा अपुरा सल्ला पुष्कळदा सल्लाच न मिळण्यापेक्षा महागात पडतो, असे माझे मत आहे.

राखेचे उदाहरण घ्या. चुलीतली राख भाजीच्या आळ्यात टाकावी, असे कोकणातली एखादी आजी सांगते तेव्हा ती बरोबरच सांगत असते. तिकडच्या जांभ्या मातीतला चुना वर्षानुवर्षांच्या मुसळधार पावसाने धुऊन गेलेला असतो, माती आम्लधर्मी झालेली असते आणि राखेमुळे तो आम्लपणा थोडा कमी होतो. शिवाय पालाश मिळते ते वेगळेच. आपली माती बेसाल्ट खडकापासून तयार झालेली, काळी आणि बहुतेक ठिकाणी चुनखडीचे खडे असलेली आहे. तिचा सामू (पीएच) साधारणपणे ७.५ ते ८.५ च्या दरम्यान असतो, म्हणजे ती आधीच विम्लधर्मी, आम्लाच्या उलट गुणाची आहे. तिच्यात राख ओतणे म्हणजे जे जास्त आहे त्यातच भर घालणे होय. अंड्याच्या टरफलांचेही तसेच आहे. टोमॅटोच्या बुडाला काळा, खोलगट डाग पडला की कॅल्शियम कमी पडले असे निदान होते आणि टरफलांची पूड कुंडीत जाते. काळ्या मातीत कॅल्शियमची वाण सहसा नसते. पाणी एक दिवस भरपूर आणि पुढे तीन दिवस अजिबात नाही, असे झाल्यामुळे ते फळापर्यंत पोहोचत नाही. तिथे टरफलांपेक्षा पाण्याच्या नियमितपणाचा उपयोग होतो. मात्र ज्यांनी माती जवळजवळ न वापरता कोकोपीटमध्येच, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, झाडे लावली आहेत, त्यांच्या कुंडीत कॅल्शियम खरोखरच कमी पडू शकते. म्हणजे एकाच इमारतीतल्या दोन शेजाऱ्यांनासुद्धा एकच उत्तर लागू पडेलच असे नाही.

पूर्वी ही अडचण एवढी जाणवत नसे. महालातल्या किंवा सीताबर्डीच्या जुन्या घरांत मागच्या अंगणात मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळी वाढत, कुंपणावर वाल चढवलेला असे आणि शेजारीण बी देताना कुंपणापलीकडून आपले झाडही पाहत असे. सल्ला देणारी व्यक्ती आणि सल्ला घेणारी बाग समोरासमोर होती. आता आपल्यापैकी अनेक जण फ्लॅटमध्ये राहतात, कुंपण उरलेले नाही आणि सल्ला येतो तो मोबाइलच्या पडद्यावरून, बहुधा पुण्यामुंबईच्या किंवा त्याहून दूरच्या बाल्कनीतून. देशभरच्या मातीचे सर्वेक्षण करणाऱ्या राष्ट्रीय ब्यूरोचे मुख्यालय आपल्या अमरावती मार्गावर आहे, आपले कृषी महाविद्यालय १९०६ पासून याच शहरात उभे आहे, आणि तरीही आपण पेरणीची तारीख पाहतो ती भलत्याच शहरातल्या चित्रफितीत, याचे मला नेहमी नवल वाटते.

म्हणून ओळख करून घेताना नाव आणि वसाहत सांगून झाल्यावर पहिली गोष्ट सांगायची ती उन्हाची. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून जेमतेम ४५ अंशांवर असतो, आणि मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत तो माध्यान्ही बरोबर डोक्यावर, किंबहुना किंचित उत्तरेकडे असतो. या एका गोष्टीतून पुष्कळ काही कळते. दक्षिणेकडच्या बाल्कनीत हिवाळ्याचे तिरपे ऊन थेट आतपर्यंत येते आणि मे महिन्यात वरच्या मजल्याच्या स्लॅबची सावली तिला आपोआप मिळते. टोमॅटो, वांगी आणि मिरचीसाठी यापेक्षा चांगली जागा फ्लॅटमध्ये सापडणे कठीण. पूर्वेकडची बाल्कनी मेथी, पालक आणि सांभारासाठी, म्हणजे कोथिंबिरीसाठी, उत्तम. पश्चिमेकडची बाल्कनी हिवाळ्यात चालते, पण मार्चनंतर तिथली भिंत दुपारभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता बाहेर टाकत राहते. उत्तरेकडे हिवाळ्यात थेट ऊन जवळजवळ येतच नाही. तिथे पुदिना आणि अळू यांवर समाधान मानावे. टोमॅटोला फळे का लागत नाहीत, असे कोणी विचारले तर खत कोणते घालता हे विचारण्याआधी बाल्कनी कोणत्या दिशेला आहे, हे विचारा.

दिशेइतकेच महत्त्व तारखेला आहे. दिवसाचे तापमान साधारण ३५ अंशांच्या पुढे गेले आणि रात्रीही गारवा मिळाला नाही, की टोमॅटोचे परागकण निकामी होऊ लागतात, फुले येतात आणि गळतात. मे महिन्यातले आपले सरासरी कमाल तापमान ४२ अंशांच्या पुढे असते आणि ३५ अंश आपण मार्चमध्येच ओलांडतो. सौम्य उन्हाळ्याच्या गावात जानेवारीत लावलेला टोमॅटो एप्रिलमध्ये भरभरून येत असेल. नागपुरात त्याच तारखेला लावलेले झाड ऐन बहराच्या वेळी उन्हात सापडते. आपल्याकडे रोपे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये टाकावीत, सुमारे चार आठवड्यांची झाली की लावावीत आणि डिसेंबर ते मार्च टोमॅटो खावेत. ज्यांची रोपे अजून टाकायची आहेत त्यांनी या आठवड्यात टाकली तरी चालेल. उन्हाळ्यात मात्र टोमॅटोचा हट्ट सोडावा, पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी बांधावी आणि चवळाई, अंबाडी, बरबटी (चवळीच्या शेंगा), भेंडी यांना जागा द्यावी. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, यांचीही पाने दुपारी माना टाकतात, पण सकाळी ती पुन्हा उभी राहतात.

आता मातीकडे येतो, कारण सर्वाधिक गैरसमज इथेच आहेत. काळी माती कसदार असते, हे खरे आहे. पण ती शेतात कसदार असते. कुंडीत निव्वळ काळी माती भरली तर ओली असताना ती घट्ट बसते, मुळांना हवा मिळत नाही, आणि वाळली की आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली जाते. तळाच्या छिद्रातून पाणी आलेले पाहून आपण समाधान पावतो आणि मधला मातीचा गोळा कोरडाच राहतो. कुंडीसाठी एक भाग काळी माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळ खत आणि एक भाग मोकळेपणा देणारा पदार्थ, असे मिश्रण मला योग्य वाटते. हा तिसरा भाग कन्हानच्या जाड रेतीचा असू शकतो, कोकोपीटचा असू शकतो, किंवा भंडारा-गोंदियाकडून आपल्याकडे सहज येणाऱ्या धानाच्या तुसाचा. गच्चीवर रेती टाळावी असे मी सुचवीन, कारण ओझे वाढते. एक फूट जाडीचा ओल्या मातीचा थर चौरस मीटरला सुमारे ५०० किलो भरतो आणि वावर असलेल्या सपाट छताची रचना सामान्यतः चौरस मीटरला १५० किलोंच्या आसपासचा वापरभार धरून केलेली असते. गच्चीवर सलग वाफा करायचा असल्यास आधी अभियंत्याला विचारावे. बागायतदार मित्राचे मत या बाबतीत पुरेसे नाही.

ज्यांच्याकडे अंगण आहे त्यांच्यासाठी वाफशाचा नियम आहे. काळी माती चिखल असताना खणली तर तिची ढेकळे होतात आणि ती वर्षभर त्रास देतात. कडक झाल्यावर कुदळ आत जात नाही. मूठभर माती दाबून सोडल्यावर हलक्या हाताने फुटली की वाफसा आला असे समजावे आणि त्या तीन-चार दिवसांत बाकीची कामे बाजूला ठेवून वाफे तयार करावेत. पुढच्या पावसाळ्यासाठी गादीवाफे जरूर करा. वर्षाचा सुमारे १,००० ते १,१०० मिलिमीटर पाऊस आपल्याकडे बहुतांशी चार महिन्यांत पडतो आणि सपाट वाफ्यात मिरचीची मुळे कुजतात ती याच दिवसांत.

चुनखडीच्या मातीचा आणखी एक परिणाम सांगतो. कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, तेव्हा बहुधा लोह मिळत नसते. मातीत ते असते, पण विम्लधर्मी मातीत झाडाला उचलता येत नाही. घराच्या भिंतीलगत, जिथे बांधकामाचा चुना-सिमेंट मिसळलेला असतो, तिथे हे जास्त दिसते. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि एक ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून सायंकाळी फवारल्यास नवी पाने हिरवी येऊ लागतात. जुनी, खालची पाने सरसकट पिवळी पडत असतील तर कारण वेगळे, बहुधा नत्राची कमतरता, हे असते. तेव्हा एखाद्याने नुसते ‘पान पिवळे पडते’ असे सांगितले तर कोणते पान, हे विचारल्याशिवाय उत्तर देऊ नये.

पाण्याबद्दल थोडक्यात. कूलरच्या टाकीत उरलेले पाणी झाडांना घालण्याची काटकसर अनेक घरांत चालते. कूलरमधून उडून जाते ते शुद्ध पाणी. क्षार टाकीतच राहतात आणि रोज भर पडून साठत जातात. बोअरवेलचे पाणी वापरत असाल तर हे आणखी लवकर होते. असे पाणी कुंडीला घालू नये, कारण कुंडीतले क्षार जाणार कुठे?

आता दुधीकडे वळू. वेल छतापर्यंत जातो, फुलांनी भरतो आणि फळ एकही धरत नाही, अशी तक्रार वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांकडून हमखास येते. सुरुवातीचे काही दिवस वेलाला नुसती नरफुले येतात, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे की दुधीचे पांढरे फूल सायंकाळी उमलते आणि त्याचे परागीभवन मुख्यतः रात्री उडणारे पतंग करतात. पाचव्या मजल्यावर ते पुरेसे येतीलच असे नाही. सकाळी उठून फुलांवर ब्रश फिरवणाऱ्यांना यश येत नाही ते यामुळे. मादीफुलाच्या मागे बोटाएवढा दुधी आधीच दिसत असतो. सूर्यास्तानंतर ताजे नरफूल खुडावे, पाकळ्या काढाव्यात आणि त्याचा मधला भाग मादीफुलाच्या मध्यावर हलकेच टेकवावा. दोडक्याची फुलेही सायंकाळीच उमलतात. कोहळे आणि कारले यांची मात्र सकाळी, त्यामुळे तिथे हेच काम सकाळी करावे लागते. अशा बारीकसारीक गोष्टी ज्यांच्या हातून घडल्या आहेत ते इथे अनेक आहेत, आणि त्यांच्याशी पाच मिनिटे बोलणे मी कोणत्याही पुस्तकापेक्षा उपयोगी मानतो.

बियाण्यांच्या देवाणघेवाणीत थोडी शिस्त हवी. टोमॅटो, वाल, बरबटी, मेथी या पिकांत परागीभवन बहुतांशी त्याच फुलात होत असल्याने घरचे बी सहसा मूळ वाणासारखेच उगवते. काकडी, दुधी, दोडका, कोहळे यांत परपरागीभवन होते आणि पालकाचे पराग तर वाऱ्यावर उडतात. शेजारच्या दुसऱ्या वाणाशी संकर झाला तरी आपल्याला कळत नाही. संकरित पाकिटातल्या झाडाचे बी धरलेत तर पुढच्या पिढीत मिसळ निघेल. भिवापुरी मिरचीचे बी देतो असे म्हणताना शेजारच्या कुंडीत दुसरी कोणती मिरची होती, तेही सांगावे, कारण मिरचीतही बराच संकर होतो. दुधीच्या बाबतीत तर हा आरोग्याचा प्रश्न आहे. संकरामुळे किंवा अन्य कारणाने दुधी कडू निघू शकतो आणि कडू दुधीचा रस पिऊन माणसे गंभीर आजारी पडल्याच्या, दगावल्याच्याही घटना घडल्या आहेत. चिरल्यावर कच्चा तुकडा जिभेला लावून पाहावा, कडू लागल्यास तो दुधी टाकून द्यावा आणि त्या वेलाचे बी कोणालाही देऊ नये.

रोपे देताना पानांची खालची बाजू पाहावी. भेंडीची पाने पिवळी करणारा केवडा आणि मिरचीची पाने आकसवणारा बोकड्या हे रोग पसरवण्यात पांढरी माशी, फुलकिडे आणि कोळी यांचा वाटा असतो, आणि प्रेमाने दिलेल्या रोपासोबत ते नव्या घरी सहज पोहोचतात. आणलेले रोप आठवडाभर इतर कुंड्यांपासून दूर ठेवण्यात देणाऱ्याचा अपमान नाही. मुळांवर गाठी दिसत असतील तर ते सूत्रकृमी असू शकतात. ते रोप मातीसकट नाकारावे. फवारणीसाठी पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरला ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून गाळलेले पाणी, आपल्याकडे सहज तयार करता येते, कारण पावसाळ्याच्या तोंडाशी शहरभर कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो आणि तो आपण तुडवत जातो.

आपली वही आजपासून सुरू करा, असा माझा आग्रह आहे. पेरणीची तारीख, बी कोणाकडून आले, कुंडी कोणत्या दिशेला आणि पहिले फळ कधी, एवढेच लिहा. सगळ्यांनी एकच पीक, समजा मेथी, येत्या महिन्यात लावली आणि डिसेंबरमध्ये या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर प्रतापनगरच्या पश्चिमेकडच्या बाल्कनीत आणि नंदनवनच्या अंगणात काय फरक पडला, ते आपल्यालाच दिसेल. आता बियाण्यांच्या टेबलाकडे जायला हरकत नाही. पुडीवर नाव, तारीख आणि बागेची दिशा लिहिलेली नसेल तर देणाऱ्याला शोधून ती लिहून घ्या आणि मगच पुडी पिशवीत टाका.