नंदी नाही, तरी हात टेकलेला

नमस्कार. हा फोटो नीट बघा. शंकर उभा आहे, पायाला पायाची आढी घालून, अगदी निवांत. जटांचं मुंडासं, त्यात साप. एक हात कोपरात वाकवून कशावर तरी टेकलाय. कशावर? नंदीवर! पण नंदी आज तिथे नाही, आणि तरी त्याच्या पाठीची उंचीसुद्धा आपल्याला कळते.

ही ब्राँझची मूर्ती तमिळनाडूतल्या तिरुवेण्काडूची, १०११ सालची, चोळ राजांच्या काळातली. ठेवलीय तंजावरच्या राजवाड्यातल्या संग्रहालयात. हो, आपले भोसले राजे राहायचे तोच राजवाडा. तंजावरला गेलात तर ही चुकवू नका.

अशी मूर्ती घडते कशी? कुंभकोणमजवळच्या स्वामीमलईत हे काम आजही चालतं. स्थपती, म्हणजे मूर्तिकार, नारळाच्या झावळीची पट्टी मूर्तीच्या उंचीएवढी कापतो आणि तिला घड्या घालतो. चेहरा केवढा, छाती कुठवर, ते या घड्या सांगतात. मग मधमाशांचं मेण, राळ आणि तेल यांच्या मिश्रणातून अख्खी मूर्ती घडते, बोटांत घातलेल्या अंगठ्यांसकट. माझ्या मते खरी मूर्ती इथेच होते. धातू नंतर फक्त तिची जागा घेतो.

मेणावर कावेरीच्या गाळाची मऊ माती लिंपतात. ती इतकी बारीक, की मेणावरची रेघ न् रेघ उचलते. त्यावर जाड मातीचे थर, तारांची बांधणी. साचा तापवला की मेण वितळून वाहून जातं आणि पोकळीत वितळलेल्या धातूचा रस ओततात. त्यात मुख्यतः तांबं; मूर्ती भरीव असते, आणि तिचं वजन मेणाच्या साधारण नऊपट, कारण तांबं मेणापेक्षा तेवढंच जड. थंड झाल्यावर साचा फोडायचा. एका साच्यातून एकच मूर्ती! पुढे छिन्नी आणि कानस, त्यात आठवडेच्या आठवडे जातात.

दिल्लीच्या भारत मंडपमसमोरचा २७ फुटी नटराज, २०२३ चा, स्वामीमलईच्या स्थपतींनी याच पद्धतीने ओतलाय.

चेन्नईजवळच्या चोळमंडल या कलाकारांच्या गावातले शिल्पकार पी. व्ही. जानकीराम यांनी मात्र मेण सोडलं. तांब्याचे पत्रे ठोकून, जोडून त्यांनी मूर्ती केल्या, देवळात मूर्तीवर चढवतात त्या कवचांसारख्या. त्या समोरूनच बघायच्या. चोळांची मूर्ती दिसली, की मात्र आधी मागे जा. मानेवर उतरलेल्या बटा बघा. या मूर्ती मिरवणुकीत न्यायच्या; देव पुढे निघून गेल्यावर लोकांना तेवढंच दिसायचं, आणि कारागिराने तिथेही हात आखडता घेतलेला नाही.